स्वतःची रोजकीर्द, स्वतःची खतावणी: आत्मपरीक्षणाचा पहिला महिना

बाजारातल्या जुन्या पेढ्यांवर हिशेबाच्या दोन वह्या असत. दिवसभराचे व्यवहार त्याच दिवशी, घडले त्या क्रमानं रोजकीर्दीत चढायचे. मग सवडीनं मुनीमजी ते खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायचे. रोजकीर्दीत कुणी मतं लिहीत नसे, आणि कुणाकडे किती येणं आहे ते खतावणी केल्याशिवाय कळत नसे. स्वतःला ओळखण्याचं काम ज्यांनी कधी केलेलं नाही, त्यांनी याच क्रमानं सुरुवात करावी असं आमचं ठाम मत आहे. आधी नोंद, मग वर्गवारी, आणि निष्कर्ष अगदी शेवटी.

बहुतेक जण उलट करतात. एखाद्या रविवारी डोळे मिटून बसतात आणि स्वतःला विचारतात, "मी खरा कोण आहे? मला काय हवंय?" दोन मिनिटांत सोसायटीचं मेंटेनन्स आठवतं, मग सोमवारचा डबा, मग फोन हातात येतो. यात तुमचा दोष काही नाही. २०१४ साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसायला सांगितलं. सोबत एक बटण होतं, दाबलं की विजेचा सौम्य झटका बसायचा. तो झटका टाळण्यासाठी आम्ही पैसे मोजू, असं आधी सांगणाऱ्यांपैकीही १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ बायकांतल्या ६ जणींनी तो स्वतःहून घेतला. रिकामं बसून आत डोकावणं इतकं अवघड आहे. म्हणून पहिल्या महिन्यात ते करायचंच नाही. हाताला काम द्यायचं.

"का" हा प्रश्न पुढे ढकला

नवख्यांची दुसरी चूक म्हणजे प्रत्येक गोष्टीला "मी असं का वागलो?" विचारणं. मन या प्रश्नाला कधीच "माहीत नाही" म्हणत नाही, ते लगेच एक पटेल असं कारण बनवून देतं. १९७७ साली रिचर्ड निस्बेट आणि टिमोथी विल्सन यांनी याचा एक साधा प्रयोग मांडला. दुकानात नायलॉनच्या मोज्यांच्या ४ जोड्या ओळीनं ठेवल्या आणि गिऱ्हाइकांना सर्वांत चांगली जोडी निवडायला सांगितली. सर्वांत उजवीकडची जोडी सर्वांत डावीकडच्या जोडीपेक्षा जवळजवळ चौपट वेळा निवडली गेली. कारण विचारल्यावर कुणी वीण सांगितली, कुणी पोत. चारही जोड्या हुबेहूब सारख्या होत्या. जागेमुळे निवडली का, असं थेट विचारलं तेव्हाही जवळपास सगळ्यांनी नाकारलं. ही माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांना स्वतःचं कारण खरंच दिसत नव्हतं.

नोकरी सोडताना, लग्नाचं स्थळ नाकारताना, भावाशी बोलणं तोडताना आपण देतो ती कारणं अशीच असू शकतात. त्यामुळे पहिले दोन आठवडे "का" लिहायचं नाही. "काय झालं", "कधी", "कुणासमोर" आणि "मग मी काय केलं" एवढंच लिहायचं.

सामान आणि जागा

शंभर पानी, एकरेघी, साधी वही घ्या. महागडी डायरी नको, तिच्यात हात सुंदर लिहायला बघतो आणि खरं लिहायला कचरतो. तारखा छापलेली डायरीही नको. चार दिवस चुकले की कोरी पानं टोचू लागतात, आणि वही बंद होण्याचं सर्वांत मोठं कारण तेच असतं. पेन साधं बॉलपेन असावं, कारण पावसाळ्यात पिशवी भिजली की जेल पेनची शाई पसरते. जून ते सप्टेंबर वही प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. रोजकीर्द पुढून लिहा. खतावणीसाठी वही उलटी करून मागून सुरुवात करा, म्हणजे वेगळी वही सांभाळावी लागत नाही.

मुंबईत वहीपेक्षा अवघड प्रश्न एकांताचा आहे. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहत असतील तर "शांत जागी बसा" हा सल्ला कुचकामी ठरतो. त्यावर चालणारे काही मार्ग असे:

नावं लिहायची नाहीत, अक्षरंही नाहीत, कारण "सा" म्हणजे सासूबाई हे कुणालाही कळतं. माणसांना स्टेशनांची नावं द्या. एक जण "माटुंगा", दुसरी "कसारा". यादी फक्त डोक्यात ठेवायची.

वही घरी ठेवणं शक्यच नसेल तर ऑफिसच्या कुलपाच्या खणात ठेवा. तेही नसेल तर फोनवर कुलूप लावलेल्या नोट्समध्ये लिहा, मात्र फोन आधी फ्लाइट मोडवर टाका. नाहीतर तिसऱ्या ओळीला व्हॉट्सअ‍ॅप वाजतं आणि नोंद तिथेच राहते.

घराबाहेर बसायला जागा आहेत. शिवाजी पार्कचा कट्टा, माटुंग्याची फाइव्ह गार्डन्स, वाळकेश्वरला बाणगंगेच्या पायऱ्या. पावसात आडोसा हवा असेल तर जवळचं सार्वजनिक वाचनालय बघा. दादर-नायगावच्या बाजूला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ पासून आहे. वाचनालयात लिहीत बसलेल्या माणसाकडे कुणी वळून बघत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

वेळेबद्दल आमचा आग्रह आहे: अंथरुणात लिहू नका. दमलेल्या मनाला सगळा दिवस वाईटच दिसतो, आणि लिहून झाल्यावर डोक्यात तेच घोळत झोप उडते. नोकरी करणाऱ्यांनी गाडीतून उतरल्यावर, घरी जाण्याआधी, फलाटावरच्या बाकावर किंवा सोसायटीच्या आवारात ७ ते १० मिनिटं काढावीत. परतीच्या गाडीत बसायला मिळत असेल तर तिथेच लिहा. चौथ्या सीटवर अर्धे लटकला असाल तर लिहायच्या फंदात पडू नका. फोनमध्ये चार शब्द टाकून ठेवा, उतरल्यावर नोंद पूर्ण करा. घर सांभाळणाऱ्यांना दुपारची जेवणं आवरल्यावर आणि मुलं क्लासला जाण्याआधी जो अर्धा-पाऊण तास मिळतो तो बरा. संध्याकाळी पाणी भरायची घाई सुरू झाली की वही उघडली जात नाही.

पहिला आणि दुसरा आठवडा: रोज चार ओळी

दिवसातला एकच प्रसंग निवडा. मोठा असलाच पाहिजे असं नाही, मन जिथे थोडं हललं तो घ्या. त्याच्या चार ओळी लिहा: घटना, शरीर, भावना, कृती. नमुना नोंद अशी असेल:

मंगळवार, संध्याकाळी ७.४०
घटना: दारातच मुलानं शाळेच्या फीचा कागद पुढे केला. मी "आत्ता नको" म्हणालो, मोठ्यानं.
शरीर: जबडा आवळलेला. दुपारी १ नंतर काही खाल्लेलं नाही.
भावना: राग लिहिणार होतो. ओशाळलेपण जास्त बरोबर. फीची तारीख मी विसरलो होतो.
कृती: फोन घेऊन आत गेलो. पाऊण तासानं सही केली.

पहिल्या ओळीची कसोटी अशी की भिंतीवरच्या कॅमेऱ्याला जे दिसलं-ऐकू आलं असतं तेवढंच तिच्यात असावं. "साहेबांनी अपमान केला" ही घटना झाली नाही, तो तुमचा अर्थ झाला. "साहेब दोघांसमोर म्हणाले, हे पुन्हा करून आणा" ही घटना. सुरुवातीला दहापैकी सात-आठ नोंदींमध्ये अर्थच घटनेच्या जागी बसलेला असतो. तो खोडू नका. खाली रेघ मारा आणि बाजूला घटना पुन्हा लिहा. आपला अर्थ लावायचा वेग किती आहे, हे त्या रेघा मोजल्यावर कळतं.

दुसरी ओळ लोक गाळतात, आणि तीच नंतर सर्वांत जास्त उपयोगी पडते. छातीत धडधड, पोटात गोळा, मान आखडणं, तळहात ओले होणं, जे असेल ते लिहा. शेवटचं कधी खाल्लं आणि आदल्या रात्री किती तास झोप झाली, एवढे दोन आकडेही जोडा.

तिसऱ्या ओळीवर थोडं थांबू या, कारण इथे मराठी माणसाच्या हाती मोठी श्रीमंती आहे आणि आपण ती वापरत नाही. दिवसभर आपण "टेन्शन", "वैताग" आणि "मूड ऑफ" या तीन शब्दांवर भागवतो. पहिला महिनाभर हे तीन शब्द वहीत बंद. त्याऐवजी नेमका शब्द शोधा. करायचं ते राहून गेलं आणि आत बारीकसं कुरतडत राहिलं तर ती रुखरुख. हातची छोटी गोष्ट निसटली तर चुटपुट. नाव सांगता येत नाही अशी अस्वस्थ ओढ म्हणजे हुरहुर. निकाल, फोन किंवा रिपोर्ट यायचाय तेव्हाची धाकधूक. दोन्हीकडून ओढ असते आणि कुठलीच वाट धरवत नाही, ती घालमेल. कौतुकाची आशा होती आणि ते झालं नाही तर हिरमुसणं. आपली चूक चारचौघांत उघडी पडली तर खजील होणं. राग दाखवता येत नाही, गिळावा लागतो, तेव्हा चडफड होते. रागाच्या भरात स्वतःलाच त्रास करून घेतला, जेवण सोडलं, तर तो त्रागा.

हा नुसता भाषेचा हट्ट नाही. प्रत्येक शब्दाबरोबर पुढची पायरी बदलते. "टेन्शन"वर काय करावं हे कुणालाच कळत नाही. रुखरुख असेल तर राहिलेलं काम शोधता येतं, धाकधूक असेल तर तारीख माहीत असते, चडफड असेल तर कुणापुढे गप्प बसावं लागलं ते विचारता येतं. २००७ साली लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मॅथ्यू लिबरमन यांच्या गटानं मेंदूची चित्रं घेऊन दाखवलं, की भावनेला शब्दात नाव दिलं की धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल कमी होते. वहीच्या शेवटच्या कव्हरच्या आत असे पंचवीसेक शब्द लिहून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून, गावाकडच्या बोलीतून आणखी मिळतील तेही चढवा. कोकणातला, देशावरचा किंवा खानदेशातला एखादा शब्द प्रमाण मराठीपेक्षा नेमका बसला तर तोच वापरा.

चौथी ओळ फक्त क्रियापदांची. काय बोललो, कुठे गेलो, काय टाळलं.

एखादा दिवस चुकला तर तारीख लिहून रेघ मारा आणि पुढे जा. मागचे दिवस आठवून भरू नका, आठवणीतून भरलेली नोंद आजच्या मूडची असते.

रविवारची खतावणी

आठवड्यातून एकदा, ३० ते ४० मिनिटं. रविवारी दुपारी वरण-भात जेवून लगेच बसू नका, डुलकी लागते. सकाळी चहानंतर बसा.

वही उलटी करून मागच्या पानांवर खाती उघडा. पाचाहून जास्त नकोत. बहुतेकांना ही पुरतात: घरची माणसं, काम, पैसा, शरीर, एकटा वेळ. आठवड्याच्या सात नोंदी वाचत जा आणि प्रत्येक नोंद एका खात्यावर एका ओळीत उतरवा: वार, वेळ, भावनेचा शब्द. वाचताना दुरुस्ती करायची नाही, स्वतःला सल्लेही द्यायचे नाहीत.

दुसऱ्या रविवारपासून रांगा दिसू लागतात. एकच वेळ पुन्हा येते. एकच माणूस येतो, किंवा एकाच माणसासमोर तुम्ही गप्प होता. पुष्कळांच्या वहीत पहिला शोध अगदी साधा निघतो: भांडणाच्या दिवशी जेवण दुपारी ३ नंतर झालेलं असतं, किंवा आदल्या रात्री झोप ५ तासांखाली असते. "माझा स्वभावच तापट आहे" असं वीस वर्षं समजणाऱ्या माणसाचा निम्मा ताप भुकेचा निघाला, तर तो शोध लहान समजू नका.

इथे एक नियम कडक पाळा. एखादी गोष्ट वहीत तीन वेळा आल्याशिवाय तिला निष्कर्ष म्हणायचं नाही. दोन वेळा आली तर बाजूला प्रश्नचिन्ह. एकदाच आली तर तो प्रसंग आहे, स्वभाव नाही.

दुसऱ्या रविवारी एक जोडकाम करा. कोऱ्या पानावर दोन रकाने आखा, अंदाज आणि प्रत्यक्ष. अंदाजात लिहा: गेल्या महिन्यात बाहेरच्या खाण्यावर किती गेले, कपड्यांवर किती, आईवडिलांना किती पाठवले, फोनवर रोज किती वेळ गेला, मुलांशी किंवा जोडीदाराशी नुसत्या गप्पा किती वेळ झाल्या. अंदाज लिहून झाल्यावरच यूपीआयचा इतिहास, पासबुक आणि फोनमधला स्क्रीन टाइम उघडा. आधी उघडलात तर मन अंदाज सावरून घेतं आणि सगळा व्यायाम वाया जातो. मग तास मोजा. आठवड्याचे १६८ तास. रोज ७ तास झोप म्हणजे ४९. सहा दिवस ९ तास काम म्हणजे ५४. बोरिवली किंवा डोंबिवलीकडून शहरात येणाऱ्याचे रोज अडीच तास धरले तर प्रवासाचे १५. उरले ५०. या पन्नासांतले किती कुठे गेले, त्यावरून तुम्हाला काय प्रिय आहे ते दिसतं. आपण तोंडानं सांगतो त्या आवडीनिवडी आणि हे पान यांत फरक निघतोच. तो निघाला म्हणून खचू नका. काही वेळा पान बरोबर असतं, काही वेळा तुमची परिस्थिती अशी असते की तास तुमच्या हातातच नसतात. त्या तासांवर "सक्तीचे" असं लिहा आणि त्यांच्यासाठी स्वतःला दोष देऊ नका.

तिसरा आठवडा: "च" शोधा

आता "काय" पुरेसं जमलं. या आठवड्यात चार ओळींत पाचवी घाला: समज. म्हणजे त्या क्षणी मनात कोणतं वाक्य चमकून गेलं ते.

ही पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेल्या उपचारपद्धतीतली आहे. मराठीत तिला विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणतात, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती मराठी वाचकांपर्यंत पोचवली. गाभा असा: घटनेमुळे थेट त्रास होत नाही. घटनेबद्दलची आपली समज आणि तिच्यातली हट्टी मागणी मध्ये असते. बहिणीला मेसेज पाठवला, दोन निळ्या खुणा दिसल्या, चार तास उत्तर नाही. ही घटना. "तिनं लगेच उत्तर द्यायलाच हवं होतं. तिला माझी किंमतच नाही." ही समज. रात्री जेवण गेलं नाही, दुसऱ्या दिवशी फोन घेतला नाही. हा परिणाम.

मराठीत ही मागणी पकडणं सोपं आहे, कारण ती बहुधा एका अक्षरात बसलेली असते. समजेच्या ओळीतल्या प्रत्येक "च"भोवती गोल करा: यायलाच हवं, असंच झालं पाहिजे, मला जमणारच नाही. सोबत "नेहमी", "कधीच", "सगळे" यांनाही गोल. मग वाक्य "च" काढून पुन्हा लिहा: "तिनं लगेच उत्तर दिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ती का थांबली ते मला अजून माहीत नाही." वाचून बघा. त्रास शून्य होत नाही, व्हायलाही नको. संतापाची नाराजी होते, आणि नाराज माणूस फोन उचलून नीट बोलू शकतो.

नवखे इथे दोन ठिकाणी घसरतात. एक म्हणजे "च" काढण्याऐवजी इच्छाच खोडतात: "मला काही फरक पडत नाही". हे खोटं असतं आणि टिकत नाही. दुसरं जास्त गंभीर आहे. मारहाण, लैंगिक त्रास, थकवलेला पगार, हुंड्याची मागणी अशा ठिकाणी आपली समज दुरुस्त करत बसायचं नसतं. "मला मारायचंच नाही" यातला "च" योग्य आहे. तिथे वहीत तारीख, वेळ, शब्द नोंदवा आणि विश्वासातल्या माणसाकडे, वकिलाकडे किंवा पोलिसांकडे जा. या वेळी वहीचं काम पुरावा ठेवण्याचं आहे.

चौथा आठवडा: दुसऱ्यांना विचारणं

स्वतःबद्दलच्या काही गोष्टी इतरांना दिसतात आणि आपल्याला दिसत नाहीत. १९५५ साली जोसेफ लुफ्ट आणि हॅरी इंगहॅम यांनी चार चौकटींची एक खिडकी मांडली, दोघांच्या नावांवरून तिला जोहारी विंडो म्हणतात. तिच्यातली ही आंधळी चौकट वहीनं उघडत नाही. त्यासाठी माणसं लागतात.

तीन निवडा: घरातलं एक, कामावरचं एक, आणि दहा वर्षांहून जुनी ओळख असलेलं एक. जो तुमच्यावर अवलंबून आहे त्याला विचारू नका. हाताखालचा माणूस, घरकामाच्या मावशी, नवी सून यांना खरं बोलणं परवडत नाही, आणि त्यांचं गोड उत्तर तुम्हाला चुकीच्या दिशेला नेईल.

प्रश्न मोघम नको. "मी कसा आहे रे?" याला "मस्त आहेस यार" हेच उत्तर येणार. असं विचारा: "दादा, गेल्या सहा महिन्यांत माझ्या कोणत्या वागण्याचा तुला त्रास झाला, एक प्रसंग सांग. आणि माझा कधी उपयोग झाला, तोही एक सांग." फॅमिली ग्रुपवर विचारू नका, पंगतीत विचारू नका. दोघंच असताना, चालता चालता विचारलेलं बरं, कारण शेजारी चालणाऱ्याला डोळ्यात बघावं लागत नाही आणि जीभ सैल होते.

उत्तर आल्यावर फक्त "बरं" म्हणायचं. तुमच्या तोंडी "नाही पण त्या दिवशी काय झालं होतं माहितीये का" हे वाक्य येईल, येतंच. ते बोललात की समोरचं माणूस पुन्हा कधी खरं सांगणार नाही. त्याच्याच शब्दात उत्तर वहीत लिहा आणि दोन दिवस त्यावर विचार करू नका. तिघांच्या उत्तरांत एक गोष्ट दोनदा आली तर ती खतावणीत न्या.

रवंथ आणि परीक्षण

या कामातला खरा धोका एकच आहे, आणि आपल्या भाषेत त्याला आधीपासून शब्द आहे: रवंथ. गिळलेलं पुन्हा तोंडात आणून चघळत राहणं. येल विद्यापीठातल्या सुझन नोलेन-होक्सेमा यांनी अनेक वर्षं याचाच अभ्यास केला. उदास असताना आपल्या उदासीवरच विचार करत बसणाऱ्यांची उदासी जास्त लांबते, असं त्यांना दिसलं. वहीवर बसलेला माणूस बाहेरून परीक्षण करताना दिसतो आणि आत रवंथ चाललेला असतो. ओळखायचा कसा? तेच वाक्य तीन दिवस जवळपास त्याच शब्दांत येतं, नवी माहिती एकही नसते आणि चौथी ओळ रिकामी राहते. तसं दिसलं की वही बंद करा, उठा, वीस मिनिटं चाला. दुसऱ्या दिवशी फक्त चौथी ओळ लिहा: आज मी काय करणार. एका वेळचं लिखाण २० मिनिटांपुढे जाऊ देऊ नका, गजर लावा.

खोल जुनी जखम असेल तर चार ओळी अपुऱ्या पडतात. १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांना सलग ४ दिवस, रोज १५ मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल मोकळेपणानं लिहायला लावलं. लिहिल्या लिहिल्या त्यांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या आरोग्यकेंद्राच्या खेपा कमी झाल्या. हे करायचं असेल तर परीक्षा, लग्नकार्य किंवा ऑडिट नसलेले चार दिवस निवडा, लिहून झाल्यावर तासभर मोकळा ठेवा, आणि प्रसंग अगदी ताजा असेल तर थांबा.

दोन आठवडे झोप-भूक उडालेली असेल, कशातच मन लागत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर वही बाजूला ठेवा. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ या नंबरवर दिवसरात्र फुकट आहे, मराठीतून बोलता येतं. परळचं केईएम, मुंबई सेंट्रलचं नायर आणि सायन या महापालिकेच्या रुग्णालयांत मानसोपचाराच्या ओपीडी आहेत. तिथे जाताना वहीतली झोप-जेवणाची पानं सोबत न्या, डॉक्टरांचं काम सोपं होतं.

महिना संपल्यावर

खतावणीतून तीन वेळा आलेली एकच गोष्ट उचला आणि १४ दिवसांचा एक छोटा प्रयोग लिहा. "शांत राहीन" असा संकल्प तपासता येत नाही. "दुपारी १ ते १.३० मध्येच डबा खाईन, आणि संध्याकाळी घरी पहिली १० मिनिटं फोन बाहेर काढणार नाही" हा तपासता येतो. खाली तुमचा अंदाज लिहा: चौदा दिवसांत चढ्या आवाजाचे प्रसंग सहावरून तीनवर येतील. मग मोजा. अंदाज चुकला तर प्रयोग फसला असं नाही. कारण दुसरीकडे आहे, एवढं कळलं.

नुसतं स्वस्थ बसणं आता जमू लागेल, कारण आत काय दिसणार याची थोडी ओळख झालेली असते. १० मिनिटांपासून सुरू करा. आपल्या शेजारपाजारी ही शिस्त जुनी आहे. जैन कुटुंबांत सकाळ-संध्याकाळ प्रतिक्रमण होतं, दिवसाची आणि रात्रीची चूक त्या त्या वेळीच पाहून घेतात. गोराईच्या ग्लोबल पॅगोड्यात आणि इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यना शिकवतात. इगतपुरीला लोकल जात नाही, ती कसाऱ्यापर्यंतच, पुढे एक्सप्रेस लागते. दहा दिवसांच्या शिबिरात मौन असतं, फोन जमा करावा लागतो, लिहायलाही मनाई असते, आणि शुल्क घेत नाहीत. पहिल्या महिन्यात थेट तिथे जाऊ नका. दोन-तीन महिने वही झाल्यावर गेलात तर ते दहा दिवस जास्त पेलवतील.

भरलेल्या वहीच्या पहिल्या पानावर आजपासून तीन महिन्यांनंतरची तारीख टाका आणि तोवर ती उघडू नका. त्या दिवशी एका बैठकीत सलग वाचा, हातात पेन न घेता. पुढे ठेवायची नसेल तर अख्खी वही रद्दीवाल्याला देऊ नका. पानं सुटी करा, रात्रभर बादलीत भिजत घाला, सकाळी लगदा पिळून ओल्या कचऱ्यात टाका. पुठ्ठा तेवढा रद्दीत जाऊ द्या.